बॉर्डरपलीकडे पेट्रोल नऊएक रुपये स्वस्त, मग नाशिकनं जास्त का भरायचं?

पेठरोडवाला
मी विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करतो, आठवड्यातले चार दिवस बाईकवर पेठ, सुरगाणा, हरसूल. काम बॉर्डरजवळ निघालं की पलीकडे गुजरातच्या पंपावर टाकी फुल करून येतो. 2025 च्या पावसाळ्यातलं सांगतो, इकडे लिटर 104 च्या आसपास अन् तिकडे 95. कंपनी तीच, केंद्राची एक्साईज म्हणजे उत्पादन शुल्क दोन्हीकडे तेवढंच. आपल्याकडे व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, 25 टक्के अन् वरून लिटरमागे 5 रुपये 12 पैसे, तिकडे 13.7 टक्के अन् 4 टक्के सेस, म्हणजे जादा कर. मला महिन्याला साठ लिटर लागतं म्हणजे साधारण साडेपाचशे रुपये जातात, पोरीच्या शाळेच्या रिक्षाचे पैसे आहेत ते. जीएसटीत टाका आणि देशभर एकच टॅक्स करा, एवढंच माझं म्हणणं.

सातपूरचा हिशेबनीस
दादा तुमचा त्रास खरा आहे पण उपाय पटत नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा राज्यांचे बहुतेक टॅक्स त्यात गेले, राज्याच्या हातात मोठं असं उरलं काय, तर इंधन, दारू आणि स्टॅम्प ड्युटी. यातलं इंधन पण काढलं तर जिल्हा परिषदेच्या शाळा, पेठचा रस्ता, सगळ्यासाठी दिल्लीकडे तोंड करून बसायचं. सप्टेंबर 2021 ला लखनौच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलपुढे हा विषय आला होता, अजून वेळ आलेली नाही म्हणून बाजूला ठेवला.

पेठरोडवाला
शाळा-रस्त्याला पैसे नको म्हणतच नाही हो. पण फॉर्च्युनरवाला लिटरला जेवढा टॅक्स देतो तेवढाच मी देतो, हे कुठलं बरोबर? ऑक्टोबर 2015 ला दुष्काळासाठी म्हणून लिटरला 2 रुपये लावले, समजून घेतलं. जून 2020 ला लॉकडाऊनमध्ये परत 2, तेही घेतलं. जुलै 2022 ला पेट्रोलचे 5 कमी केले हे मान्य, पण टक्क्यांच्या वर लिटरमागे घेतात तो ठोक आकडा पूर्ण गेला का? नाही गेला.

आडगाव ट्रान्सपोर्ट
इथे सगळे पेट्रोलचंच बोलतायत. डिझेल बघा की, 2025 च्या पावसाळ्यात इकडे 90-91 होतं अन् तिकडे पण जवळपास तेच. आपला व्हॅट 21 टक्के, त्यांचा 14.9 आणि सेस, शेवटी फरक पैशातच राहतो. आमच्या गाड्या पिंपळगावहून टोमॅटो, लासलगावहून कांदा घेऊन सुरतला जातात, डिझेलसाठी बॉर्डरपर्यंत थांबायचे दिवस गेले आता. त्यामुळे राज्याच्या व्हॅटनं भाजी महागली हे नाशिकपुरतं तरी कुणी सांगू नये. बाईकवाल्यावर अन्याय आहे, तो मात्र मान्य.

परभणीचा, सध्या इंदिरानगर
नाशिककरांनी जरा आमच्याकडे पण बघा. मनमाडजवळ पानेवाडीला पेट्रोल-डिझेलचा डेपो आहे, मुंबईहून पाइपलाइननं तेल येतं, म्हणजे तुमच्या दारातच. परभणीला टँकर तिथून तीनशे किलोमीटरच्या आसपास जातो. राज्य एकच, व्हॅट एकच, तरी गावाकडे गेलो की लिटरला जास्त मोजतो, वर्षानुवर्षं. व्हॅट टक्क्यात असल्यामुळे त्या टँकरच्या भाड्यावर पण लागतो, वर एक्साईजवर पण लागतो. जीएसटी आणला तरी भाडं कुठं जाणार? एक भाव पाहिजे असेल तर भाडं सगळ्यांत वाटून घ्या, मग नाशिकचा भाव थोडा वाढेल, चालेल का?

निफाडची ताई
मला चालेल. आणि हिशेबनीस दादा, टक्केवारीतच खोट आहे. कच्चं तेल भडकलं की काहीही न करता राज्याचा टॅक्स आपोआप वाढतो, नेमकं लोकांचं कंबरडं मोडतं तेव्हाच. नोव्हेंबर 2021 ला केंद्रानं पेट्रोलवर 5 रुपये कमी केले तर पंपावर पाचपेक्षा जास्त उतरले, कारण त्यावरचा व्हॅट पण गेला. टॅक्स राज्याकडेच राहू दे पण लिटरला ठरलेले रुपये करा.

सातपूरचा हिशेबनीस
ताई, ठरलेल्या रुपयांना माझी हरकत नाही. पण दर वर्षी खर्च वाढतो तसा तो आकडा पण वाढवावा लागणार, आणि तेव्हा परत इथेच ओरड होईल.

पेठरोडवाला
होऊ दे की. निदान सरकारमधल्या कुणीतरी पुढे येऊन वाढवला असं सांगावं लागेल. आत्ता तर सकाळी सहाला भाव बदलतो अन् कुणाला विचारायचं तेच कळत नाही.