आउटर हेब्रिडीज एकटीनं सायकलवर: वाऱ्याचा हिशोब कसा धरायचा?

पहिलाच_दौरा:
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीजमध्ये एकटीनं सायकल चालवायचं ठरवलंय. दक्षिणेच्या व्हॅटरसेपासून उत्तर टोकाच्या बट ऑफ लुईस दीपगृहापर्यंत २९७ किमी. दहा बेटं, सहा कॉजवे (बेटं जोडणारे समुद्रातल्या भरावावरचे रस्ते), दोन बोटी. रोज ६० किमी धरले तर पाच दिवसांत होतं. सामानासकट ८० किमी मला एरवी सहज जमतात, पण ज्याला विचारावं तो वाऱ्याचीच भीती घालतोय. तंबू नेणार आहे. पाच दिवस पुरतील का? आणि एकट्या माणसाला वाऱ्यात नेमकं कुठे अडतं?

कॉजवेकर:
ताई, ही वाट मी एकट्यानं दोनदा केलीय. पाच दिवस पुरत नाहीत. म्हणजे वारा पाठीशी राहिला तर पुरतील, पण त्या भरवशावर परतीचं तिकीट काढू नका.

पहिल्या वेळी मी उत्तरेकडून निघालो, ती चूक. तिथला नेहमीचा वारा नैऋत्येचा, त्यामुळे सगळे दक्षिणेकडून सुरुवात करतात. तुमची दिशा बरोबर आहे. तरी दुसऱ्या वेळी, योग्य दिशेनं जातानाही, मला दोन दिवस उत्तरेचा वारा तोंडावर मिळालाच.

तोंडावरच्या वाऱ्याचं गणित एकदा करून बघा. तुम्ही ताशी १५ किमीनं चाललाय आणि समोरून ३० चा वारा आहे, तर अंगावर ४५ चा वारा येतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे शांत हवेच्या नऊपट. १५ चा वेग टिकतच नाही, आठ-नऊवर येतो. यूइस्ट बेटांच्या सपाट रस्त्यावर झाड नाही, की आडोसा नाही. उतारावरसुद्धा पायडल मारत राहावं लागतं. माझे एका दिवसाचे ६० किमी तिथे ३४ वर थांबले होते.

पण तोंडावरचा वारा फक्त दमवतो. खरी काळजी बाजूच्या वाऱ्याची. पहिल्या वेळी बेनबेक्युलाहून साउथ यूइस्टला जाणाऱ्या कॉजवेवर होतो. अटलांटिककडून, म्हणजे उजवीकडून वारा. सायकल सरळ राहावी म्हणून मी अंगासकट उजवीकडे कललेलो. मागून एक व्हॅन आली आणि शेजारून जाताना तिनं क्षणभर वारा अडवला. ज्याला टेकलो होतो तेच निघून गेलं. सायकल व्हॅनच्याच अंगावर झुकली. व्हॅन पुढे सरकली आणि वारा पुन्हा कुशीत बसला. पुढचं चाक डांबर सोडून डाव्या कडेच्या खडीत गेलं. पडलो नाही, पण पाय टेकले तेव्हा गुडघे लटपटत होते. त्यानंतर जोराच्या वाऱ्यात मागून गाडीचा आवाज आला, की एकाच गाडीपुरत्या रुंद रस्त्यावर बाजू द्यायला ठेवलेल्या जागेत मी उतरून उभाच राहतो. तुम्ही उत्तरेला जाणार, तेव्हा पश्चिमेचा वारा तुम्हाला रस्त्याच्या मध्याकडे ढकलेल. तिथे तर हे जास्तच पाळा. आणि सामानातलं थोडं वजन पुढच्या चाकाशी, खाली ठेवा. सगळं मागे लादलं की पुढचं चाक हलकं होतं आणि झोत आला की हँडल हातात राहत नाही.

आता बोटी. बॅराहून एरिस्केला ४० मिनिटं, बर्नरेहून हॅरिसमधल्या लेव्हरबर्गला तासभर. दोन्हींत सायकलचं वेगळं भाडं नाही. वारा वाढला की या फेऱ्या रद्द होतात. दुसऱ्या वेळी मी बर्नरेला दीड दिवस अडकलो आणि शनिवारी संध्याकाळी हॅरिसला उतरलो. हॅरिस-लुईसमध्ये रविवार फार मनापासून पाळतात, बहुतेक दुकानं बंद. पिशवीत उरलेल्या ओट्सवर रविवार काढला आणि त्या पोटानं सोमवारी टारबर्टच्या पुढचा, क्लिशम डोंगराच्या पायथ्याचा चढ चढलो. म्हणून एक दिवसाचं खाणं कायम जास्तीचं ठेवा. माझ्या मते सात दिवस चालवायचे आणि एक दिवस हातचा.

खुंटीवाली:
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी फक्त तंबूचं सांगते.

पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्यांच्या वाळूवरची गवताळ जमीन आहे, तिला माखेर म्हणतात. दिसायला गालिचा, पण बारीक खुंटी त्यात टिकत नाही. लांब, रुंद पात्याच्या खुंट्या घ्या. एकटीनं तंबू लावताना वाऱ्याकडच्या दोन खुंट्या आधी ठोकायच्या आणि मगच काठ्या घालायच्या. मी एकदा उलटं केलं आणि तंबूमागे पळत कुंपणापर्यंत गेले.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यामुळे मोकळ्या जागी तंबू टाकता येतो, पण पेरलेल्या पट्ट्यात नाही. मे-जूनमध्ये टिटवीच्या जातीचे पक्षी तिथे जमिनीवरच अंडी घालतात. डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागले, तर तिथून हलायचं, कितीही दमला असाल तरी.

पहिलाच_दौरा:
दोघांचेही मनापासून आभार. व्हॅनचा प्रसंग वाचून नकाशात सगळे कॉजवे पुन्हा बघितले. सात अधिक एक दिवस धरते आणि शनिवारी दुपारपर्यंत सामान भरून ठेवीन.

दादा, वाऱ्याचा अंदाज बघताना कुठला आकडा धरायचा?

कॉजवेकर:
सरासरीशेजारी झोतांचा वेग वेगळा दिलेला असतो, तो धरा. झोत ताशी ६० च्या वर दिसले की मी सायकल काढतच नाही. सरासरी ३५ असेल आणि झोत ६५ चे, तर कॉजवेवर त्या ३५ चा काही उपयोग नसतो.

एक राहिलं. दीपगृह गाठलं की दौरा संपत नाही. बोटीसाठी स्टॉर्नोवेला यावं लागतं, सुमारे ४५ किमी, आणि त्यातले निम्म्याहून जास्त नैऋत्येला तोंड करून. ज्या वाऱ्यानं आठवडाभर ढकललं, तोच समोर. तो दिवस मोजलाय का?

पहिलाच_दौरा:
नाही मोजला. मग नऊ.