मदत हवी आहे: पणजोबांच्या दहनाची नोंद (लालबाग, १९४४ ते ४७)

लालबागची लेक:
नमस्कार मंडळी. घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे आणि पणजोबांपाशी गाडी अडली आहे. मूळ गाव मालवण तालुक्यात, मुंबईत गिरणीत कामाला, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत. गोदीतला स्फोट (एप्रिल १९४४) त्यांनी पाहिला होता, म्हणजे तेव्हा होते. स्वातंत्र्याच्या आधी गेले, असं बाबा ऐकून आहेत. तारीख कुणालाच माहीत नाही. श्राद्ध मात्र दहीहंडीच्या दिवशी असतं. त्यापायी लहानपणी एकही हंडी धड बघायला मिळाली नाही. खाली "गोविंदा आला रे" चालू आणि आम्ही गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघत!

बाबा म्हणतात, "सोनापूरला नेलं". म्हणून एका स्मशानात चौकशी केली, तर इतक्या जुन्या वह्या इथे नाहीत म्हणाले. एका कचेरीत गेले, तिथे "तारीख आणा, मग बघू". तारीख असती तर आले कशाला असते? १९७० च्या आधीच्या नोंदीच नसतात असंही कुणी सांगितलं. खरं आहे का?

निवृत्त कारकून:
ताई, ते खरं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा १९६९ चा, आपल्या राज्यात १ एप्रिल १९७० पासून. पण मुंबई शहरात पालिका त्याच्या कितीतरी आधीपासून मृत्यूची नोंद करत आली आहे. स्मशानाची वही सोडा, मृत्यूची नोंद धरा. ती राहत्या घराच्या नाही, मृत्यू जिथे झाला त्या वॉर्डात होते. तुमच्या बाबतीत चाळीत गेले असोत की केईएम रुग्णालयात, दोन्ही आजच्या एफ दक्षिणमध्येच येतं, तेवढं बरं आहे. शोधशुल्क वर्षागणिक लागतं. अर्ज लेखी द्या. नाहीच सापडलं तर नोंद आढळत नाही असा दाखला मागून घ्या, तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका.

आणि आडनावावर अडून बसू नका. नुसतं नाव आणि बापाचं नाव असू शकतं, तेही इंग्रजीत, कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.

सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचं चंदनवाडी. पण जुन्या मुंबईत "सोनापूरला गेला" म्हणजे नुसतं "वारला" असंही म्हणत. लालबागहून खांद्यावर तिथवर कशाला नेतील? भोईवाड्याच्या स्मशानात आधी विचारा.

पंचांगवाले काका:
अहो, तारीख तुमच्या हातातच आहे की! हंडीचा दिवस म्हणजे श्रावण वद्य नवमी. म्हणजे चार वर्षांच्या वह्या चाळायच्या नाहीत, मोजके दिवस बघायचे. दहन दुसऱ्या दिवशी झालेलं असू शकतं, म्हणून एक दिवस पुढे-मागे धरा.

एक सांभाळा. नेटवर "श्रावण कृष्ण नवमी" शोधलीत तर फसाल. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपली श्रावण वद्य नवमी त्यांच्याकडे भाद्रपदात पडते. मराठी पंचांगच बघा. शिवाय १९४७ साली श्रावण अधिक होता, म्हणजे आधी अधिक आणि मग नेहमीचा (निज) असे दोन श्रावण. त्यामुळे त्या वर्षी अशा दोन नवम्या: अधिकातली १० ऑगस्टच्या आसपास, निजातली सप्टेंबरात. स्वातंत्र्याच्या आधी गेले हे पक्कं असेल तर सप्टेंबर बाद.

मालवणी माणूस:
गावात जमीन नावावर होती काय? असली तर तलाठ्याकडे नायतर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनो फेरफार (जमिनीचो मालक बदलल्याची नोंद) काढा. वारस नोंद घालताना मयत कधी झालो ता बऱ्याचदा लिवलेला असता, वारसांची नावांपण गावतत. माझ्या आज्याची तारीख माका थयच गावली. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हो नव्हतो, कागदावर रत्नागिरी असतला.

लालबागची लेक:
सगळ्यांचे आभार. काका, तुमचा अधिक श्रावण बाबांना वाचून दाखवला. ते चहाचा कप हातात धरून तसेच बसले. मग म्हणाले, "आजी म्हणायची, झेंडा लागला तेव्हा सगळ्या चाळीत रोषणाई आणि आपल्या खोलीत सुतक." हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ती काहीतरी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायची, म्हणाले.

म्हणजे ऑगस्ट १९४७, पहिला पंधरवडा. सोमवारी अर्ज देते. निवृत्त कारकून काका, अर्जात तिथीसुद्धा लिहू की नुसत्या तारखा? आणि पणजोबांशी नातं दाखवायला बाबांचे आणि आजोबांचे दाखले पुरतील का?