मदत हवी आहे : जपानमधलं एक मोठं जेवण – सुशी, काइसेकी की मठातलं? (सोबत शाकाहारी सासूबाई)

केतकी_कोथरूड

नमस्कार मंडळी. भाऊबीज आटोपली की मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं जपानला निघतोय. आधी टोकियो, मग क्योतो, आणि कार्तिकी एकादशीच्या आत घरी. विमान, हॉटेलं, रेल्वे सगळं मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते जेवणापाशी.

रोजच्या खाण्याची चिंता नाही. भारतीय हॉटेलं आहेत, थेपले आणि मेतकूट बॅगेत असणारच. पण ताजमधल्या वासाबीत जेवून आल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलंय की जपानात एक जेवण असं जेवायचं की बास. त्यासाठी माणशी २५,००० येन बाजूला काढलेत. आजच्या भावाने १५,००० रुपयांच्या आसपास. हो, आकडा लिहिताना माझाही हात जरा थबकला.

आता पंक्तीतली माणसं बघा. नवरा माशांसाठी वेडा. मी सगळं खाते. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि चातुर्मास असल्यामुळे कांदा-लसूणही नाही. त्या म्हणतात, "तुम्ही दोघं जा गं, मी खोलीवर दहीभात खाईन." हे ऐकल्यावर कुणाच्या घशाखाली सुशी उतरेल?

शोधाशोध करून चार पर्याय काढलेत. टोकियोच्या गिन्झा भागातला एखादा चांगला सुशी काउंटर. क्योतोत काइसेकी, म्हणजे एकामागून एक वाढलं जाणारं पारंपरिक जपानी जेवण, तेही किकुनोई किंवा ह्योतेई इथे. टोकियोतलं तेंपुरा कोंदो, कारण तिथल्या भाज्यांच्या तेंपुऱ्याचं, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्यांचं सगळे कौतुक करतात. आणि बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण, शोजिन र्योरी : क्योतोत तेनर्यूजी मंदिरातलं शिगेत्सु किंवा टोकियोतलं दाइगो.

पण यांची तुलना करायची कशी? तारे देणारी मिशेलिनची हॉटेल-पुस्तिका एक सांगते, गुगल दुसरं, आणि ताबेलॉग म्हणून जी जपानी साइट आहे तिथे सगळ्यांनाच साडेतीनच्या आसपास गुण. जाऊन आलेल्यांनी किंवा तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा. तिघांनी एकत्र जेवावं असं एक ठिकाण कोणतं?

---

निशीकासाईकर

केतकीताई, तुमचे चार पर्याय एका तराजूत बसणारे नाहीत, म्हणून गोंधळ होतोय. आधी गुणांचं बघू.

ताबेलॉगवर जपानी लोक गुण देताना हात फार आखडता घेतात. ३.५ म्हणजे तिथे उत्तम, ४च्या वर गेलं की टेबल मिळणं मुश्कील. गुगलवर ४.४ आणि ताबेलॉगवर ३.६ असं एकाच हॉटेलचं असू शकतं आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. मिशेलिनचे तारे फक्त ताटातल्या पदार्थांसाठी. जागा, आदरातिथ्य, शाकाहाराची सोय, इंग्रजी यातलं काहीही ताऱ्यांत मोजलेलं नाही. तुमची अडचण नेमकी त्या न मोजलेल्या भागात आहे.

दुसरं म्हणजे, या दर्जाच्या ठिकाणी मेन्यूकार्ड बघून मागवायचं नसतं. ओमाकासे असो की काइसेकी, काय वाढायचं ते शेफ ठरवतो आणि सामान त्या दिवसाच्या मोजक्या माणसांपुरतंच आणलेलं असतं. तुमची निवड आरक्षणाच्या फॉर्मवर संपते. तिथे जाऊन "यात मासा नको" म्हणालात तर समोरचा माणूस नम्रपणे वाकेल, घामाघूम होईल, पण वाढायला त्याच्याकडे दुसरं काही नसेल. म्हणून परीक्षणं वाचण्याआधी प्रत्येक ठिकाणाच्या आरक्षणाच्या अटी वाचा. शाकाहारी पाहुणे घेतात का, किती दिवस आधी कळवायचं, रद्द केलं तर किती पैसे जातात. अर्धी यादी तिथेच गळेल.

सुशी काउंटर लगेच काढून टाका, म्हणजे तिघांसाठी. आठ-दहा खुर्च्या, सगळ्यांना एकाच वेळी सुरुवात, आणि शाकाहारी पाहुणा बहुतेक ठिकाणी नकोच म्हणतात. त्यात त्यांचा दोष नाही, विकायला मासाच आहे. शेवटी गोडसर अंड्याची वडी येते, तिच्यातही पुष्कळदा वाटलेली कोळंबी असते.

---

आंबटगोड

सुशीच खायची तर टोकियोतल्या त्या जिरोच्या सुशी दुकानात जा ना, ओबामा गेले होते तिथे.

---

निशीकासाईकर

२०१४ साली जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे यांच्याबरोबर गेले होते, खरं आहे. पण सर्वसामान्यांना तिथे थेट आरक्षण मिळत नाही, आणि याच कारणासाठी २०१९ च्या शेवटी मिशेलिनने त्या दुकानाला पुस्तिकेतून वगळलं. आधी तीन तारे होते. टोकियोत उत्तम सुशीला तोटा नाही, त्या एका नावामागे लागू नका.

---

तीळगूळ

तेंपुऱ्याबद्दल मी लिहिते, कारण "भाज्या म्हणजे शाकाहारी" असं समजून बरेच जण जातात.

कोंदोंच्या भाज्या खरंच नावाजलेल्या आहेत. रताळ्याचा जाडजूड तुकडा अर्धा तास मंद तळतात आणि गाजराचा केसासारखा बारीक कीस तळून त्याचा हलका गुंता करून देतात. पण तेंपुऱ्याच्या पिठात कुठेही गेलात तरी पारंपरिक पद्धतीने अंडं असतं. काउंटरवर कोळंबी आणि भाजी एकाच कढईत, एकाच तेलात. बुडवायला जे पातळ देतात त्यात माशाचा अर्क. तिन्ही गोष्टी सासूबाईंना चालणाऱ्या नाहीत. तुम्हा दोघांसाठी मात्र दुपारचा तेंपुरा फार छान बेत आहे.

---

केतकी_कोथरूड

बापरे, तेंपुरा सासूबाईंसाठीच यादीत घातला होता. मग काइसेकीचं काय? त्यात तर भाज्या, टोफू, सूप असंच दिसतं फोटोंत.

---

निशीकासाईकर

फोटोत दिसतं ते आणि वाटीत असतं ते, यांच्यामध्ये दाशी आहे. कोंबु नावाची समुद्री वनस्पती आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवलेला बोनिटो मासा. यांच्या अर्कावर सगळा काइसेकी उभा आहे. किकुनोई १९१२ पासूनचं. तिथले मुराता योशिहिरो तर दाशीचे मोठे पुरस्कर्ते, २०१३ साली जपानी पाककला युनेस्कोच्या यादीत गेली त्यामागेही त्यांची धडपड होती. ते रिशिरी बेटाकडचा कोंबु ६० अंशाला तासभर ठेवतात, मग कोंबु काढून पाणी तापवतात आणि माशाचे पापुद्रे घालून लगेच गाळतात. झाकण उघडल्यावर येणारा तो वास हीच त्या जेवणाची मोठी गोष्ट. तो काढून टाकायचा आणि वर २५,००० येन द्यायचे, यात मला अर्थ दिसत नाही. पुरेसं आधी विचारलं तर काही काइसेकी घरं कोंबुच्या दाशीवर वेगळा बेत करतात, पण तो त्यांचा पाहुणचार असतो, मुख्य कसब नव्हे.

शोजिनमध्ये उलट आहे. तिथला स्वयंपाकी जन्मभर कोंबु, वाळवलेली शिताके आळिंबी, तीळ, सोयाबीन यांच्यावरच काम करतो. आणि एक गंमत ऐका : मठातल्या नियमात कांदा, लसूण, पात असल्या उग्र भाज्या वर्ज्य आहेत. तुमच्या सासूबाईंचा चातुर्मास तिथे बाराही महिने चालतो. कंदमुळं मात्र भरपूर असतात, त्यामुळे जैन मंडळींनी हा धागा वाचून थेट निघू नये.

---

तीळगूळ

शिगेत्सुला मी आईला घेऊन गेले होते. मोठी स्वच्छ खोली, पायांचे बुटके लाल ताट-चौरंग, त्यावर लाल-काळ्या लाखेच्या वाट्या. त्यातली एक आईला कायमची आठवते ती गोमादोफु. नाव टोफूसारखं असलं तरी त्यात सोयाबीन नाही. तीळ गुळगुळीत वाटून कुडझू नावाच्या कंदाच्या सत्त्वात घोटून थापलेली वडी. चॉपस्टिकने उचलायला गेलात की थरथरते. आई दोन घास थांबून म्हणाली, "हे तीळ भाजून घेतलेले नाहीत." स्वयंपाकघरात डोकावायचंच बाकी होतं.

बाकी भात, लोणचं, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) सार, उकडलेल्या भाज्या. चव फार सौम्य. तिखटाची सवय असलेल्याला पहिली दहा मिनिटं "हे काय पथ्याचं" वाटतं, हे सांगून ठेवते. सगळ्यात छोटं ताट ४,००० येनच्या आत होतं, वर बागेचं प्रवेशशुल्क ५०० वेगळं, कारण जेवणघर आवाराच्या आत आहे. फक्त दुपारीच असतं. नोव्हेंबरात पानं रंगायला लागली की आराशियामात, म्हणजे मंदिराच्या त्या भागात, पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आरक्षण करूनच जा.

---

खवय्या_दादर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १५,००० रुपये माणशी बाजूला काढून ४,००० येनचं मठातलं जेवण? नवरा बिचारा त्या खास जेवणाची वाट बघतोय. मग दाइगो का नाही? तेही शोजिनच, बरीच वर्षं मिशेलिनचे दोन तारे, टोकियोच्या अतागो भागात, खासगी खोल्या, बाहेर बाग, एकामागून एक पदार्थ येणार. तुमच्या बजेटचं जेवण तेच आहे.

---

निशीकासाईकर

दाइगोला अनुमोदन, एका अटीवर. हॉटेलात वाढलं जाणारं शोजिन मठाइतकं कडक असेलच असं धरून चालू नका. "माशाची दाशी नको, अंडं नको" हे आरक्षणाच्या वेळीच लिहा आणि लेखी होकार घ्या. नुसतं "शाकाहारी" लिहिलंत तर दाशी चालते असंही समजतात, इथे मासा न दिसणं म्हणजे शाकाहार असा सरसकट समज आहे.

पैशांचंही नीट बघा. साइटवर २०,००० लिहिलेलं असतं त्यावर पुष्कळ ठिकाणी १५ टक्के सेवाशुल्क आणि मग १० टक्के कर लागतो, म्हणजे हातात बिल २५,३०० चं. तुमचं बजेट तिथेच संपलं, चहाशिवाय काही पिऊ नका. टीप मात्र द्यायची नाही. आणि दुपारचा बेत बघा. स्वयंपाकी तेच, खोली तीच, पदार्थ थोडे कमी आणि दर रात्रीपेक्षा बराच उतरलेला.

---

मुगाची_डाळ

एक मुद्दा सगळ्यांनी सोडला. शोजिनमध्येही मिरिन आणि साके घालतात. म्हणजे तांदळाची दारू. शिजताना उडून जाते वगैरे ठीक, पण चातुर्मास पाळणाऱ्या बाईंना चालेल का?

---

आंबटगोड

सांगूच नका ना त्यांना. सुखाने जेवतील.

---

मुगाची_डाळ

हे मुळीच पटत नाही. खायचं की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. आपण परदेशात नेलं म्हणून त्यांचं व्रत आपल्या हातात आलं का?

---

केतकी_कोथरूड

मुगाची_डाळ, शंभर टक्के सहमत. आत्ताच चहा घेताना विचारलं. सासूबाईंचं म्हणणं : "खोकल्याच्या औषधात असते तेवढी का? मग चालेल. पण मासा नको, आणि कुणी मला फसवू नका." आळिंबी त्या खातात, म्हणजे शिताकेचा प्रश्न मिटला.

आता आमचं असं ठरतंय. तिघांचं मोठं जेवण दाइगोला, दुपारी. क्योतोत सासूबाईंची बहीण भेटणार आहे, ती ओसाकाला मुलाकडे आलीय. त्या दोघी शिगेत्सुला जेवून मंदिराच्या बागेत बसतील, तेवढ्या वेळात आम्ही दोघं काइसेकीचं दुपारचं ताट खाऊन येऊ. दहीभाताचं संकट टळलं. सुशी नवऱ्याने एकट्याने एखाद्या दुपारी उरकावी.

दोन शंका उरल्या. काइसेकीला किकुनोई की ह्योतेई? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसणं जमणार नाही, त्याचं काय?

---

खवय्या_दादर

किकुनोई की ह्योतेई, दोन्ही मोठी घराणी. ह्योतेई नानझेनजी मंदिराजवळ, ४०० वर्षांची परंपरा, आणि त्यांचं अर्धवट उकडलेलं अंडं सगळ्या क्योतोत प्रसिद्ध. साधं अर्धं कापलेलं अंडं, पिवळा अगदी घट्ट नाही आणि वाहतही नाही. तुमच्या नवऱ्याला वैभव बघायचं असेल तर किकुनोई, जुनं घर आणि शांतता हवी तर ह्योतेई. मी ह्योतेईच्या बाजूने. आणि ६ नोव्हेंबरला जपान समुद्राकडचा खेकड्याचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे तुमच्या तारखांना ताटात खेकडा येण्याची शक्यता चांगली. नवऱ्याला आधी सांगू नका, ताटात बघू दे.

मात्र आराशियामा शहराच्या पश्चिम टोकाला आणि ह्योतेई पूर्वेला. जाऊन-येऊन दोन तास धरा, वर जेवणाला दोन-अडीच. दोघी बहिणींना बागेत तेवढा वेळ गप्पांना पुरतो का ते तुम्हीच ठरवा.

---

केतकी_कोथरूड

दोघी बारा वर्षांनी भेटताहेत. आम्हीच परत आलो तर "इतक्यात आलात?" म्हणतील.

---

निशीकासाईकर

गुडघ्यांसाठी आरक्षणाच्या फॉर्ममध्ये "इसु-सेकी" हवी असं लिहा, म्हणजे खुर्चीची जागा. ते मिळत नसेल तर "होरी-गोतात्सु" विचारा. त्यात टेबलाखाली खड्डा असतो, पाय सोडून बसता येतं, फक्त उठताना हात द्यावा लागतो. खुर्चीच्या जागा मोजक्या, म्हणून हे आधीच ठरवून घ्या.

फॉर्म उघडण्याच्या तारखा बघून ठेवा. बरीच ठिकाणं महिना-दोन महिने आधी आरक्षण खुलं करतात, त्यातही महिन्याच्या १ तारखेला, जपानच्या सकाळी. आपल्याकडे तेव्हा पहाट असते, गजर लावा. फोनवर जपानीच बोलतात असं ठिकाण असेल तर तुमच्या हॉटेलच्या स्वागतकक्षाला ईमेल करा, ते आनंदाने करून देतात. कार्डाचा नंबर घेतला जाईल आणि त्याच दिवशी रद्द केलंत तर बहुतेक पूर्ण पैसे जातील, तेव्हा सासूबाईंच्या मधल्या विश्रांतीचा दिवस त्याच्या आदल्या दिवशी ठेवा.

त्या दिवशी अत्तर लावू नका, सुशीवाले तर दारातच नाक मुरडतात. आणि तातामीवर, म्हणजे तिथल्या जमिनीवरच्या चटयांवर, बूट काढावे लागतात, म्हणून सगळ्यांनी मोजे घाला. भोक नसलेले.