बाहेरच्या भिंतीवर मीटर, मेन स्विच किती उंच? (साखळी, गोवा)

पडवीवाला
नमस्कार मंडळी. वाळवंटी नदीच्या जवळ आमचे जुने चिऱ्याचे घर. जुलै २०२१ च्या पुराचा डाग बाहेरच्या भिंतीवर अंगणापासून तीन फुटांवर अजून दिसतो. आता गिलावा करतोच आहे, तर मीटर, मेन स्विच आणि पुढे स्कूटर घेतली तर तिचे सॉकेट, सगळे नीट बसवून घ्यायचे आहे. किती उंचीवर? घरात आई-बाबाच असतात, आई ठेंगणी आहे. बजेट सहा हजार.

म्हापसेकार
सहा हजारांत काय होते रे बाबा? मी तीन किलोवॅटचे सोलर घातले, इन्व्हर्टर जिन्यात वर. शेजारी बिल बघायला येतात.

चिरेबंदी
पाच फूट. संपला विषय.

शॅकवाला
उंची राहू दे, पेटी बघा. आमच्याकडे कळंगुटला खाऱ्या वाऱ्याने पत्र्याची पेटी गंजून चाळण झाली. पॉलिकार्बोनेटची घ्या, आयपी ६५.

चिरेबंदी
साखळीत कुठला खारा वारा?

जुना_वायरमन
आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसते. पेटी बुडाली तर ते ६५ कामाचे नाही. वायर खालून घ्या, ग्लँड (भोकात वायर घट्ट धरणारी कडी) लावा आणि शिरण्याआधी झोळ द्या, म्हणजे पाणी वायरवरून आत न जाता झोळातून गळते.
उंचीचे म्हणाल तर, मीटर शक्यतो जमिनीपासून एक मीटरच्या खाली नको आणि रीडिंग सहज घेता यावे, असे राष्ट्रीय इमारत संहितेत आहे. तुमचा डागच जवळपास तेवढा, म्हणून त्याच्या वर हातभर तरी जा. मीटरचे सील स्वतः तोडू नका. वीज खात्यात अर्ज द्या, काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्या. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पडणारा स्विच, हवीच.

माटोळी
एमसीबी असताना आरसीसीबी कशाला? आमची चवथीला लायटिंग लावले की सारखी पडते. शेवटी काढून टाकली.

जुना_वायरमन
पडते म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधायची सोडून आरसीसीबी काढली? एमसीबी जादा करंट गेला की पडते; ती वायर वाचवते, माणूस नाही.

म्हापसेकार
सोलरवाल्यांना असली कटकट नाही.

चिरेबंदी
ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय लाइनीला जोडलेले असेल तर लाईट गेली की तुझे सोलरपण बंद. पावसाळ्यात कळेल.

कुळागर
पाच फूट म्हणता ते कुठून, अंगणापासून की जोत्यापासून? आमच्या वायरमनने घरातून मोजले आणि बाहेर पेटी एवढी वर गेली की रीडिंगवाला दर वेळी खुर्ची मागतो.
अजून एक. बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर मेन पाडला तरी घरात वीज असते. त्याचा स्विच वेगळा पाडायचा. आणि हे सगळे पाणी चढायच्या आधी. पाण्यात उभे राहून मेनला हात लावायचा नाही.

दर्यावर्दी
पाच फूट बरोबर आहे. आणि पॉलिकार्बोनेटची पेटी घ्या.

शॅकवाला
तेच तर मी वर सांगितले!

पडवीवाला
सर्वांचे आभार. कुळागर यांचे वाचून टेप लावली. जोते अंगणापासून दोन फूट वर आहे. म्हणून मेन आणि आरसीसीबी बाहेर घेतच नाही, आत सालात (बैठकीच्या खोलीत) चार फुटांवर. अंगणापासून सहा झाले, डागाच्या बरेच वर, आणि आईचा हात पोचतो. भर पावसात बाबांना बाहेर पाठवायला नको. इन्व्हर्टरचा स्विच शेजारीच. मीटर तेवढे बाहेर, त्याचा अर्ज दिला. सॉकेटचे राहू दे, स्कूटर आली की बघू.

चिरेबंदी
चार फूट कमीच आहे.

माटोळी
आरसीसीबी कितीला पडली ते इथे टाका.