मदत हवी आहे: ऑल्टगेल्डबद्दल मराठीत बोलायचंय, गव्हर्नरला काय म्हणू?

नमस्कार मंडळी, १ मेला आमच्या वाचनालयात कामगार दिनानिमित्त दहा मिनिटं बोलायचंय आणि मी जॉन पीटर ऑल्टगेल्ड घेतलाय. जन्म १८४७ चा, जर्मनीतला, अगदी तान्हा असताना आईवडील अमेरिकेत ओहायोला आले, शेतकऱ्याचं घर, सोळाव्या वर्षी यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांच्या बाजूने सैन्यात भरती झाला, तिथे तापाने पार खंगला पण वाचला, मग शाळामास्तर, वकील, शिकागोत जज्ज आणि १८९३ मध्ये थेट इलिनॉय राज्याचा (शिकागो ह्यातच येतं) गव्हर्नर! हेमार्केट खटल्यात (१८८६ मध्ये शिकागोत कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला, त्यावरून कामगार चळवळीतल्या लोकांवर चाललेला खटला) चौघांना फाशी झालेली, तुरुंगात उरलेल्या तिघांना ह्याने १८९३ मध्ये माफी दिली, खटलाच अन्यायाचा होता असं लेखी म्हणाला. पेपरांनी झोडपलं, १८९६ ची निवडणूक हरला. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

अडचण अशी की गव्हर्नरला राज्यपाल म्हटलं तर लोकांना आपला नेमलेला राज्यपाल वाटणार, हा तर निवडून आलेला, म्हणजे काम मुख्यमंत्र्यासारखं, पण माफीचा अधिकार राज्यपालासारखा. काय शब्द वापरू? की गव्हर्नरच ठेवू? आणि शिकागोत कोणी असेल तर लिंकन पार्कमधल्या त्याच्या पुतळ्याचा फोटो पाठवाल का प्लीज?