मदत हवी आहे : सोनचाफ्याच्या गुटीला मुळं फुटत नाहीत
चिपळूणला परसात जुना सोनचाफा आहे, गर्द केशरी फुलांचा. पुढच्या दिवाळीनंतर बांधकामात तो जाणार, म्हणून त्याचंच रोप हवंय. नर्सरीतलं कलम नको.

जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड ५ फांद्यांवर गुटी बांधल्या (फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं फोडायची पद्धत). बोटभर साल काढून मुळं फुटायचं संजीवक लावलं, ओलं शेवाळ, वर प्लास्टिक. अडीच महिन्यांनी सोडल्या तर कापाच्या कडेला पांढरट गाठी, मूळ एकही नाही.

बियांवरचा लाल गर राखेने चोळून काढला आणि लगेच पेरल्या. त्यातली ४ रोपं वीतभर झालीत. पण बियांच्या झाडाला फुलायला फार वर्षं लागतात, शिवाय रंग तोच येईल याची खात्री नाही.

याच रोपांवर जुन्या झाडाची भेटकलमं (रोपाचं खोड आणि झाडावरचीच फांदी तासून एकत्र बांधायची) करता येतील का? रोपाचं खोड किती जाड हवं, आणि कोकणात कोणत्या महिन्यात बांधावीत?