तीन संस्था, एकच डेटा: विद्यार्थ्यांचे प्रबंध कसे सांभाळायचे?

प्रश्न (मीटरतरंग):
जीएमआरटी या पुण्याजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर तीन संस्थांचा मिळून प्रकल्प आहे, पीएचडीचे दोन विद्यार्थी. डेटा सगळ्यांना खुला ठेवला तर एकाच्या प्रबंधाचा विषय दुसरा आधी छापून मोकळा होईल. बंद ठेवला तर चुका कोण पकडणार? मुख्य संशोधकाने हे कसं जमवावं?

खोडदकर:
डेटा राखून ठेवू नका, विषय राखा. कच्चा डेटा, निरीक्षणाचे लॉग, कोड पहिल्या दिवसापासून सगळ्यांना. सोबत एका पानाचा तक्ता: विषय, विद्यार्थी, हक्काची मुदत. जीएमआरटीचा डेटा १८ महिन्यांनी जगाला खुला होतो, त्यामुळे आतली मुदत १२ महिन्यांच्या पुढे नको. तोवर मसुदा आला नाही तर विषय कोणाकडे जाणार, हेही तिथेच लिहा. बहुतेक भांडणं या न लिहिलेल्या ओळीवरून होतात.

दुसरी_बाजू:
विषय वाटले म्हणजे तपासणी झाली असं नव्हे, उलट एकमेकांच्या कामात कोणी डोकावतच नाही. आकाशातल्या काही क्षेत्रांचा कच्चा डेटा दोघांनाही द्या. त्यातून नकाशे बनवायला एकाने कासा हे सॉफ्टवेअर वापरावं, दुसऱ्याने एआयपीएस. आकडे जुळवायच्या दिवसापर्यंत एकमेकांचे नकाशे बघायचे नाहीत आणि किती टक्के फरक चालेल ते आधीच ठरवायचं.

इथे हमखास फसगत होते: दोघे एकच फ्लॅग-टेबल (खराब डेटा वगळायच्या खुणांची यादी) वापरतात. मग बाहेरच्या रेडिओ लहरींच्या हस्तक्षेपाने खराब झालेला भाग दोघांकडेही तसाच राहतो, आकडे छान जुळतात आणि दोन्ही चुकीचे असतात. फ्लॅगिंग वेगळं हवं. फ्लक्सची (स्रोताच्या तेजाची) मोजपट्टी मात्र एकच, नाहीतर फरक मोजपट्टीचाच निघेल.

गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो-व्हर्गो गटाने तर सप्टेंबर २०१० मध्ये स्वतःच्याच डेटात गुपचूप खोटा संकेत घातला होता. पेपर लिहून तयार झाल्यावर, मार्च २०११ मध्ये, हे गुपित असलेलं पाकीट उघडलं. लहान गटाला एवढं झेपणार नाही, पण एखादा बनावट स्रोत मिसळून बघता येतो.

मीटरतरंग:
सगळंच दोनदा करायचं? आणि लेखकक्रमाचं काय?

खोडदकर:
सगळं नको, चार-पाच क्षेत्रं पुरेत. पण ती निवडताना एक तरी ठळक स्रोताजवळचं घ्या, दोष तिथेच उघडे पडतात.

लेखकक्रम मसुद्याआधी ठरवा. कोणी कोणतं काम केलं हे नोंदवायच्या क्रेडिट (CRediT) पद्धतीतल्या १४ भूमिकांसमोर नावं भरा. आठवडेच्या आठवडे फ्लॅगिंग करणाऱ्याला पेपरात जेमतेम एक ओळ मिळते, त्याचं नाव या तक्त्यात तरी दिसतं. सीईआरएन (सर्न) या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या हजारो लेखकांच्या पेपरांत नावांचा वर्णक्रम चालतो. आठ जणांत तो लावला की आपट्यांची चंगळ.